घरी बनवलेला देवनागरी फॉन्ट शेअरवेअर म्हणून वाटावा का?

शिरोरेघ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गेली काही वर्षं नोकरी सांभाळून एक देवनागरी फॉन्ट बनवत होतो, तो आता वापरण्याजोगा झाला आहे. शीर्षकांसाठीचं जाड वळण आहे. बोरूने कागदावर अक्षरं काढली, स्कॅन केली, फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्राममध्ये बाह्यरेषा आखल्या आणि जोडाक्षरांचे नियम हाताने लिहिले. बोरूचा तिरका काप पानावर दिसावा, ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ यांची गोलाई छपाईत चेपू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता प्रश्न वाटपाचा आहे. परदेशी ऑनलाइन दुकानात विक्रीला ठेवला, तर तिथल्या किमतीला आपल्याकडचा लग्नपत्रिका छापणारा तो घेणार नाही, हे आत्ताच दिसतंय. ओपन फॉन्ट लायसन्सखाली (ओएफएल, म्हणजे कोणीही फुकट वापरावा, बदलावा असा परवाना) मोकळा सोडण्याबद्दल मला आदर आहे, पण याच वळणाची बारीक आणि मध्यम वजनं, म्हणजे कमी जाडीची रूपं, अजून करायची आहेत. पुढची कित्येक वर्षं दुरुस्त्याही निघत राहतील. या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ काढायचा तर थोडे पैसे यायला हवेत.

म्हणून शेअरवेअरची जुनी रीत मनात आहे. फाइल पुरी द्यायची. पेनड्राइव्हवर घाला, व्हॉट्सॲपवर पाठवा, हरकत नाही. घर, शाळा, मंडळ, वाचनालय यांना फुकट. ज्यांना त्यातून कमाई होते त्यांनी एकदाच नोंदणीची रक्कम भरायची.

इथे डीटीपीवाले आहेत, छापखान्यातले आहेत, वकील आहेत. असे पैसे कोणी देतं का? चाचणीच्या आवृत्तीत काही अक्षरं राखून ठेवावीत का? आणि कायद्याने माझ्या हातात नेमकं काय राहतं? मोकळेपणाने सांगा.

जुनी_सीडी

शेअरवेअर हे नाव फार दिवसांनी ऐकलं. ही रीत १९८२ च्या सुमारास अमेरिकेत रुजली. अँड्र्यू फ्लुगेलमन यांचा पीसी-टॉक आणि जिम नॉफ यांचा पीसी-फाइल हे प्रोग्राम तेव्हा ‘प्रत करा, पुढे द्या, उपयोगी पडलं तर पैसे पाठवा’ अशा विनंतीसह फिरत. नॉफ सुरुवातीला दहा डॉलर मागत. पुढच्या वर्षी बॉब वॉलेस यांनी पीसी-राइट हा लेखनाचा प्रोग्राम शेअरवेअर म्हणून आणला. त्यात नोंदणी केलेल्या माणसाच्या प्रतीवरून पुढे कोणी नोंदणी केली, तर पहिल्याला कमिशन मिळे.

फॉन्टमध्ये ही लाट थोडी उशिरा आली. १९८६ मध्ये मॅकसाठी फॉन्टोग्राफर निघाला आणि घरच्या संगणकावर फॉन्ट आखता येऊ लागले. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप हा फॉन्टचा प्रकार आल्यावर असे फॉन्ट घरोघरी चालायला लागले. सोबत एक टेक्स्ट फाइल असायची, तिच्यात कर्त्याचा पत्ता आणि मागितलेली रक्कम. आपल्याकडे चिप आणि नंतर डिजिट मासिकाच्या सीडीतून शेअरवेअर घरी यायचं.

पण एक मोठा फरक ध्यानात घ्या. प्रोग्राम सुरू होताना ‘नोंदणी करा’ अशी खिडकी दाखवू शकतो, तीस दिवसांनी थांबू शकतो. फॉन्टला ती सोय नाही. तो निमूटपणे अक्षरं पुरवतो आणि कोण वापरतंय हे त्याला कळत नाही. त्यामुळे पैशाची आठवण वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने यायला हवी. माझ्या मते एक देखणं नमुनापत्र पीडीएफमध्ये करा आणि त्याच झिपमध्ये घाला. त्यात अक्षरं पाहायला लोक थांबतील, आणि तिथेच खाली नोंदणीची माहिती वाचतील.

खिळेजुळारी

मी आधी शिशाचे खिळे जुळवले, मग पेजमेकरवर पानं लावली, आता इनडिझाइनवर. तालुक्याच्या गावी छोटा छापखाना आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे तुमचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं.

अक्षरं राखून ठेवू नका. इंग्रजी फॉन्टच्या चाचणी आवृत्तीत आकडे किंवा विरामचिन्हं काढून टाकतात, ते चालून जातं, कारण बाकीचा शब्द शाबूत राहतो. देवनागरीत एक जोडाक्षर काढलं की शब्दच मोडतो. ‘द्य’ नसेल तर ‘विद्यार्थी’ हा ‘विद्‌यार्थी’ असा पाय मोडून उभा राहतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. ‘ही चाचणी आवृत्ती आहे, पैसे भरल्यावर नीट दिसेल’ हे त्याला कोण समजावणार? तो म्हणतो, फॉन्ट वाईट आहे, दुसरा लावा. त्या गिऱ्हाइकाकडून तुमचं नाव कायमचं गेलं. वर ती मोडकी आवृत्तीच गावभर फिरणार, कारण फुकटची फाइल नेहमी जास्त पसरते. वर्षभराने तुमच्याच वळणात चुकीची जोडाक्षरं लिहिलेले फलक दिसतील.

पैसे कोण देतं? दर संगणकामागे मागाल तर कोणी देणार नाही. माझ्याकडे एका मशीनवर पानांची लावणी होते, दुसऱ्यावर प्लेटचं काम, तिसरं मुलगा वापरतो. फॉन्ट तिन्हींवर लागतोच. ‘एका दुकानाला एकदा’ असा साधा हिशेब ठेवा आणि रीतसर पावती द्या. पावती असली की आम्ही तो खर्च वहीत दाखवू शकतो, आणि एखादं मोठं प्रकाशन काम देताना ‘फॉन्ट अधिकृत आहेत का’ विचारतं तेव्हा ती पुढे करता येते. माझ्या ओळखीचे चार-सहा जण एवढ्यासाठी नक्की देतील.

आणखी एक. फॉन्टच्या फाइलीत एम्बेडिंगची, म्हणजे पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत घालण्याची, परवानगी नोंदवलेली असते. ती बंद ठेवू नका. चोरी टळावी म्हणून काही जण ती बंद करतात. मग पीडीएफमध्ये फॉन्ट जात नाही, छापणाऱ्याकडे पान उघडतं तेव्हा भलताच फॉन्ट बसलेला असतो. पैसे भरलेल्या माणसाचीच अडचण होते. तिथे शून्य ठेवा, म्हणजे पूर्ण मोकळीक.

ॲड_मोडीवाला

कायद्याबद्दल. भारतात अक्षराच्या रूपावर कॉपीराइट मिळवणं अवघड आहे. ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या टाइपफेसच्या नोंदणीचा अर्ज कॉपीराइट बोर्डाने २००२ साली फेटाळला होता. टाइपफेस ही कायद्याच्या अर्थाने कलाकृती ठरत नाही, असा त्याचा रोख होता. अमेरिकेतही अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नाही. मात्र फॉन्टची फाइल हा संगणकीय प्रोग्राम म्हणून संरक्षित असू शकतो, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९९८ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणकीय प्रोग्राम साहित्यकृतीत धरले जातात. म्हणजे तुम्ही लिहिलेले जोडाक्षरांचे नियम आणि आखलेल्या बाह्यरेषांची फाइल जशीच्या तशी उचलली, तर तुमची बाजू भक्कम. कोणी तुमची छपाई समोर ठेवून अक्षरं नव्याने आखली, तर कमकुवत.

दुसरा मार्ग २००० च्या डिझाइन कायद्याचा. वर्गवारीत टाइपफेसना १८-०३ हा वर्ग आहे. संरक्षण आधी दहा वर्षं, मग आणखी पाच वर्षं वाढवून मिळतं. पण डिझाइन नवं असावं लागतं, आणि नोंदणीच्या अर्जाआधी प्रसिद्ध केलेलं चालत नाही. आज फाइल मोकळी केली तर उद्या हा मार्ग बंद. तेव्हा आधी अर्ज, मग वाटप.

फॉन्टचं नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून राखता येतं, आणि शेअरवेअरसाठी मला तेच सगळ्यात उपयोगी वाटतं. कोणी फाइल उघडून आतलं काही बदललं तर बदला म्हणावं, पण तुमच्या नावाने फिरवता येणार नाही, एवढी अट हवी.

परवान्याचा मजकूर मराठीत लिहा, आणि एका पानात बसवा. ‘व्यावसायिक वापर’ असा मोघम शब्द टाकू नका. गणपती मंडळाच्या अहवालात जाहिराती असतात, मग तो व्यावसायिक का? शिकवणीवाले फलक लावतात, ते? उदाहरणं देऊनच लिहा, वाद होणार नाहीत.

मोदकप्रेमी_ठाणे

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मोकळा परवाना द्या.

एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट बघा. ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे ते दुकानांच्या पाट्यांपासून सरकारी पत्रकांपर्यंत सगळीकडे पोचले. याहून मोठं उदाहरण शोभिका. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फॉन्टवर आयआयटी मुंबईत पुढचं काम झालं आणि सोळाशेच्या वर देवनागरी आकार असलेला, वैदिक स्वरचिन्हांसकट संस्कृत छापता येणारा फॉन्ट उभा राहिला. यशोमुद्रा बंद ठेवला असता तर हे घडलं असतं का? तुम्ही एकटे आहात. उद्या तुमची तब्येत, नोकरी, काहीही झालं तर फॉन्ट तिथेच थांबेल. मोकळा असला तर दुसरं कोणी पुढे नेईल.

आणि ओएफएलमध्ये नाव राखून ठेवायची सोय आहेच. वकीलसाहेबांची काळजी तिथेही मिटते.

शिरोरेघ (धागाकर्ता)

ठाणेकर, रागवायचं काय त्यात. तुमचा मुद्दा मला पटतो आणि टोचतोही. पण गूगल फॉन्ट्सवरच्या अनेक देवनागरी फॉन्टांमागे गूगलने दिलेला निधी आहे. यशोमुद्रामागे राज्याची संस्था आहे. कामाचे पैसे आधी कोणीतरी दिले आणि मग फॉन्ट मोकळा झाला. माझ्या बाबतीत पैसे आधी देणारं कोणी नाही, म्हणून ते नंतर मागायचे आहेत.

काम थांबण्याची भीती खरी आहे. त्यावर असं सुचतंय: परवान्यातच लिहायचं की सलग तीन वर्षं मी नवी आवृत्ती काढली नाही, तर शेवटची आवृत्ती आपोआप ओएफएलखाली गेली असं समजावं. वकीलसाहेब, असं लिहिता येईल का?

ॲड_मोडीवाला

येईल. तारीख ठरवण्याची रीत स्पष्ट हवी, म्हणजे ‘नवी आवृत्ती’ कुठे जाहीर केली की धरायची ते. चांगली कल्पना आहे.

ग्रंथपाल_वाई

वाचतेय. ठाणेकरांच्या मुद्द्याला माझ्या अनुभवाची जोड.

आमच्या वाचनालयाचं वार्षिक पूर्वी एका फुकट फिरणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये व्हायचं. युनिकोडआधीचा काळ, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक नव्हता तेव्हाचा. त्या फॉन्टांना जेमतेम अडीचशे जागा, म्हणून अक्षरांचे तुकडे करून बसवलेले असायचे. अर्धं अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, आणि इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरलेल्या. फॉन्ट काढला की पानावर इंग्रजी अक्षरांचा नुसता खच. आता तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर त्या फॉन्टची मांडणी माहीत हवी. फाइल उघडून पाहिली, तर कर्त्याचं नाव नाही, आवृत्ती नाही, काहीच नाही. सोबतची टेक्स्ट फाइल कधीच हरवलेली. विचारायचं कोणाला?

तुमचा फॉन्ट युनिकोड आहे, त्यामुळे मजकूर अडकणार नाही. पण झिपमधली माहितीची फाइल पहिल्या व्हॉट्सॲपलाच गळून पडेल, हे धरून चाला. फॉन्टच्या आत नावांचा तक्ता असतो, त्यात कर्ता, आवृत्ती, परवान्याचा मजकूर आणि संकेतस्थळ यांना स्वतंत्र जागा आहेत. सगळ्या भरा. एकटी फाइल पाच हातांतून गेली तरी तुमचं म्हणणं तिच्याबरोबर जाईल.

आणि वाचनालयांना फुकट ठेवलंत त्याबद्दल मनापासून आभार.

देठाचा_श

फॉन्टचं तांत्रिक बघणारा मी. एक विनंती आहे, आणि ती पैशाइतकीच महत्त्वाची मानतो.

आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयानंतर २०२२ च्या निर्णयातही यावर भर आहे. बरेच फॉन्टवाले मूळ रूप हिंदीचं ठेवतात आणि ‘मजकुराची भाषा मराठी असेल तर आकार बदल’ असा नियम लावतात. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात फलक करणारा माणूस मजकुराची भाषा कधीच निवडत नाही, आणि फोनवरची चित्रं बनवायची ॲप तर ती विचारतही नाहीत. मग मराठी माणसाला मराठी फॉन्टमध्ये हिंदी वळण मिळतं. टिरो टाइपवर्क्स या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने यासाठी टिरो देवनागरीची मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी वेगळी कुटुंबंच काढली. तुमचा फॉन्ट मराठी वळणाचा असेल तर मराठी रूपच मूळ ठेवा, आणि भाषेचा नियम हिंदीसाठी लावा.

‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ दोन्ही लेखनपद्धतींनी यायला हवा. काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह. तसंच ‘ॲ’. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिली. त्याआधीचा सगळा मजकूर ‘अ’ वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत.

हे सगळं फुकट आवृत्तीत हवं. मराठी बरोबर लिहिता येणं ही नोंदणीची बक्षिसी असू नये.

खिळेजुळारी

देठाचा_श यांना शंभर टक्के अनुमोदन. मुंबईत निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी शिशाच्या खिळ्यांत जे वळण घडवलं, त्यावर आमची नजर तयार झाली. ‘श’ चं देठ गेलं की पान परकं वाटतं.

एडिसनची_मावशी

न्यू जर्सीहून लिहितेय. इकडच्या मराठी शाळेत मी स्वयंसेवक आहे आणि मंडळाची स्मरणिकाही आम्हीच काही जण करतो. चांगल्या शीर्षकाच्या फॉन्टसाठी आमची मंडळी आनंदाने पैसे देतील, पण द्यायचे कसे ते आधी ठरवा. फक्त यूपीआयचा क्यूआर लावलात तर इथलं बँक खातं असलेल्याला तो निरुपयोगी. पेपॅल लावलंत तर उलट अडचण: पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय बंद केली आहे. दोन्ही खिडक्या वेगळ्या ठेवाव्या लागतील.

आणि एक मनापासून. रक्कम ऐच्छिक ठेवू नका. ‘इच्छेनुसार द्या’ म्हटलं की माणूस किती द्यावं या विचारात अडकतो आणि राहूनच जातं. आकडा लिहा.

शिरोरेघ (धागाकर्ता)

मावशी, आकडा लिहितो. छापखाना, डीटीपी केंद्र, एकटा डिझायनर यांना एकदाच पाचशे रुपये, कितीही संगणक असोत. प्रकाशन संस्था, जाहिरात संस्था, वृत्तपत्रं आणि बातम्यांची संकेतस्थळं यांना दोन हजार, त्यात संकेतस्थळावर वापरायची फाइलही आली. बाकी सगळ्यांना शून्य. मंडळाची स्मरणिका शून्यातच मोडते, तिच्यात जाहिराती असल्या तरी. हे उदाहरण वकीलसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे परवान्यात नावानिशी येईल. बाहेरून पैसे पाठवणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी ठेवतो.

जुनी_सीडी यांनी सांगितलेली कमिशनची रीत मात्र नको. एका छापखान्याने दुसऱ्याला फॉन्ट दिला तर तो मैत्रीने द्यावा.

फाइल एकच राहील, पुरी. पैसे भरलेल्याला वेगळी अक्षरं मिळणार नाहीत. त्याला पावती मिळेल, नवी वजनं निघतील तेव्हा पुन्हा पैसे न भरता मिळतील, आणि एखादं जोडाक्षर चुकलं असं त्याने कळवलं तर त्याचं काम मी आधी हातात घेईन. खिळेजुळारी म्हणतात तशी छपाई मुदतीवर चालते. मला वाटतं नोंदणीचे पैसे याच गोष्टीचे आहेत. अक्षरं आपल्या सगळ्यांची आहेत, ती नीट चालती ठेवण्याची मेहनत माझी. डिझाइनचा अर्ज आधी करतो, तोपर्यंत सार्वजनिक दुवा देत नाही. खिळेजुळारी आणि देठाचा_श, तुम्ही दोघांनी गोपनीयता कबूल करून तपासून द्याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मोदकप्रेमी_ठाणे

तीन वर्षांच्या कलमामुळे माझा विरोध मावळला. जमलं तर फॉन्टफोर्जची मूळ फाइलही कुठेतरी सुरक्षित ठेवा. नुसत्या बनलेल्या फॉन्टवरून पुढचं काम करणं जिकिरीचं असतं. ती ग्रंथपाल ताईंकडे ठेवता येईल का?

ग्रंथपाल_वाई

आनंदाने. कार्यकारिणीत विचारून कळवते. पाकिटात प्रत आणि परवान्याचा छापील कागद, दोन्ही ठेवू.

खिळेजुळारी

फाइल मिळाली, काल रात्री गणेशोत्सवाच्या एका पत्रकावर लावून पाहिली. वळण सुरेख आहे, लांबून वाचता येतं. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘ब्राह्मी’, ‘कुऱ्हाड’ सगळं नीट. फक्त ‘मूर्तींची’ मध्ये रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार एकाच ‘त’ वर येतात तिथे अनुस्वार रफाराला चिकटतोय. चोवीस पॉइंटला शाई भरून ठिपका दिसतच नाही. ‘कर्तव्यपूर्तींना’ मध्येही तेच.

शिरोरेघ (धागाकर्ता)

रफार, वेलांटी, अनुस्वार यांचा एकत्र आकार आखून अनुस्वार थोडा उजवीकडे आणि वर घेतो. रविवारी नवी फाइल पाठवतो. पत्रक छापायला कधी जाणार आहे?

खिळेजुळारी

मंगळवारी. रविवारी आली आणि तोवर तुमचा डिझाइनचा अर्ज गेलेला असला, तर तुमच्याच फॉन्टमध्ये छापतो. आणि पावतीपुस्तक तयार झालं की पहिली पावती आमच्या छापखान्याच्या नावाने फाडा.